जमात पडताळणी आणि आज्जीची वाकळ

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी थांबली की आज्जी उठायची आणि मागच्या दाराने शेजारच्या घरात जाऊन बसायची. आयुष्यात तिने कुणाच्या दारातलं चिपाडसुद्धा उचललेलं नाही. पण गाडीचा आवाज ऐकला की तिचे पाय आपोआप उठायचे. 2018 च्या फेब्रुवारीत माझ्या जमात पडताळणीची, म्हणजे मी खरंच आमच्या जमातीची आहे का हे तपासण्याची, गृहचौकशी लागली आणि ती करायला येणाऱ्या दक्षता पथकात पोलीस अधिकारीही असतात असं कळलं. तेव्हा घरात सगळ्यांना कागदांपेक्षा आज्जीची काळजी जास्त होती.

मी फासेपारधी. सोलापुरात जन्मले, इथेच शिकले, आता इथेच नर्स म्हणून काम करते. दर जून-जुलैत आमच्यातलं कुणीतरी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन घरी येतं आणि विचारतं, "तुझं कसं झालं गं?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने सांगून झालंय. यंदा सगळं सलग लिहून काढावंसं वाटलं.

बारावी 2017 मध्ये झाली. नर्सिंगला जायचं ठरलेलं होतं. जमातीचा दाखला प्रांत ऑफिसमधून मिळाला आणि मला वाटलं, झालं काम. पण दाखला ही पहिली पायरी. महाराष्ट्रात 2000 च्या कायद्याप्रमाणे तो दाखला जमात पडताळणी समितीकडून पडताळून घ्यावा लागतो, तरच राखीव जागेवरचा प्रवेश टिकतो. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या 6 सप्टेंबर 1950 च्या आदेशाने आली. त्यामुळे त्या तारखेच्या आधी आपलं घर महाराष्ट्रात होतं आणि आपण पारधी म्हणूनच ओळखले जात होतो, हे दाखवावं लागतं. आमच्या शेजारच्या कैकाडी आणि कंजारभाट घरांना वेगळी तारीख आहे, 21 नोव्हेंबर 1961, कारण ते विमुक्त जातींच्या यादीत आहेत. आमचे आणि त्यांचे पणजे एकाच तारेच्या आत राहिले, एकाच हजेरीला उभे राहिले. आता आम्ही वेगवेगळ्या रकान्यांत आहोत आणि वेगवेगळ्या टेबलांपुढे उभे राहतो.

ती तार म्हणजे सेटलमेंट. सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला हा शब्द सांगावा लागतो. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला. 1911 च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. जन्माला आलेलं मूलच चोर, असं धरून अख्ख्या जमाती नोंदवल्या गेल्या आणि कुंपणाच्या आत ठेवल्या गेल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यातली मोठी. तिचा कारभार बराच काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. आतली माणसं गिरणीत कामाला जायची, भोंगा झाला की जायची, भोंगा झाला की परत. बाहेर पडायला पास लागायचा, हजेरी चुकली की शिक्षा. मुंबई प्रांताने हा कायदा 1949 मध्ये काढला आणि 31 ऑगस्ट 1952 ला देशभर तो संपला. पंडित नेहरू सोलापुरात आले आणि त्यांनी स्वतः तार तोडली, असं आमच्याकडे लहान पोरसुद्धा सांगतं. जागेचं नाव मात्र राहिलं. आजही रिक्षावाल्याला "सेटलमेंट फ्री कॉलनी" म्हटलं की तो नीट आणून सोडतो. त्या 'फ्री' शब्दाचा अर्थ मला बारावीनंतर कळला.

शाळेत आम्हाला चार हुतात्म्यांची गोष्ट होती. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. ती गोष्ट मला आजही तोंडपाठ आहे आणि तिचा मला अभिमान आहे. सेटलमेंटची गोष्ट मात्र शाळेत नव्हती, आणि घरात तर नव्हतीच नव्हती.

तर कागद. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू पारधी' होतं. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दाखल्यावर 'हिंदू मराठा'.

हे कसं झालं ते अण्णांनी मला त्या वर्षी पहिल्यांदा सांगितलं. आमच्यात आडनावं पवार, काळे, भोसले, चव्हाण, शिंदे अशीच असतात. आबा, म्हणजे माझे आजोबा, त्यांना पहिलीत घालायला घेऊन गेले. गुरुजींनी आडनाव विचारलं, ते ऐकून स्वतःच 'हिंदू मराठा' लिहिलं आणि वाचून दाखवलं. आबा काही बोलले नाहीत. "मी त्यांचं बोट धरून उभा होतो," अण्णा म्हणाले. "बाहेर आल्यावर मला म्हणाले, आता तुला कुणी काय म्हणणार नाही बघ." अण्णांना खरंच कुणी काही म्हटलं नाही. वर्गात पेन्सिल हरवली तर त्यांचं दप्तर आधी उघडलं गेलं नाही. आबांनी पोराला जे द्यायचं होतं ते दिलं होतं. आणि चाळीसेक वर्षांनी त्याच ओळीमुळे समिती मला विचारणार होती की तू पारधी कशावरून?

एकाने सल्ला दिला की तो दाखला जोडूच नकोस. तो मानला नाही हे फार बरं झालं. दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ रजिस्टर स्वतः बघतं. आपण लपवलेली नोंद त्यांनी शोधून काढली, तर पुढे आपल्या खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. माझ्याकडे जे लोक येतात त्यांना मी पहिलं हेच सांगते. विरोधातली नोंद असेल तर ती आपणच पुढे ठेवा आणि ती कशी झाली ते प्रतिज्ञापत्रात लिहा.

मग शोध सुरू झाला 1950 च्या आधीच्या कागदाचा. आमच्याकडे शेत नाही, सातबारा नाही. फिरत्या माणसाचा कागद असणार कुठे? आज्जी एवढंच म्हणायची की आबा तारेच्या आत असताना शाळेत दोन इयत्ता शिकले होते. अण्णांनी दोन महिने चौकशी केली. त्या वेळची रजिस्टरं फिरत फिरत एका शाळेच्या कपाटात येऊन पडली होती. तिथल्या मुख्याध्यापकबाईंनी आम्हाला चार वेळा परत पाठवलं, पाचव्यांदा कपाट उघडलं. रजिस्टरची शिवण तुटलेली, पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. बाई एकेक पान दोन्ही हातांनी उलटत होत्या. आधी त्रासलेल्या होत्या, पण दहा-बारा पानांनंतर त्याही गप्प झाल्या आणि बोट ठेवून वाचायला लागल्या.

सन 1943. आबा सापडले.

ती ओळ मी अजून डोळे मिटून बघू शकते. निळसर काळी शाई, तिरकं अक्षर. जात: पारधी. राहण्याचं ठिकाण: सेटलमेंट. शाळा सोडल्याचं कारण: गैरहजर. आणि नाव. आबांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, पण ते राम असतं तर तिथे 'राम्या' लिहिलेलं होतं. आडनाव नाही. त्यांच्या वडिलांचं नावही तसंच, शेवटी 'या' लावून. वरखाली पाहिलं तर पानावरची सगळी मुलं तशीच. एकाही मुलाचं नाव पुरतं लिहिलेलं नव्हतं. सात-आठ वर्षांची पोरं असतील ती. अण्णा पानाकडे बघत राहिले आणि मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मी निर्गम उताऱ्याचा, म्हणजे त्या नोंदीच्या नकलेचा, अर्ज लिहायला घेतला, कारण दोघांपैकी एकाला तरी लिहिणं भाग होतं.

आमच्या पणज्यांना कोंडण्यासाठी ज्यांनी रजिस्टरं ठेवली, त्यांच्याच रजिस्टरने माझी फाइल उभी राहिली. बाहेर मोकळे राहिलेले, माळावर पालं ठोकून फिरलेले पारधी आजही कागदावाचून अडकतात. आम्ही कोंडलेले, म्हणून नोंदलेले. हे मला अजून नीट गिळता येत नाही.

'राम्या' आणि 'राम' ही एकच व्यक्ती, हे सांगणारं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. सेतूतल्या मुलाने सांगितलं, "ताई, नावात फरक असला की करावंच लागतं." त्याला मी काय सांगणार की हा नावातला फरक नव्हे!

वंशावळ आज्जीने सांगितली. फॉर्ममध्ये जन्मसाल लागतं आणि आज्जीकडे साल नव्हतं. अण्णा दुष्काळाच्या आदल्या वर्षाचे, म्हणजे 1971. धाकटी आत्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर झाली. चुलतभाऊ किल्लारीच्या भूकंपाच्या रात्री पोटात होता, म्हणजे 1994. गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा कुणाचं लग्न झालं होतं आणि कुणाचं ठरलेलं होतं, यावरून आम्ही अर्धं झाड पुरं केलं. वरच्या फांद्यांपाशी आल्यावर आज्जी अडखळायला लागली, तेही आठवत नव्हतं म्हणून नव्हे. तिने माझ्या हातातल्या पेनाकडे बघत विचारलं, "समद्यांची नावं लिवायलीस व्हय?"

"हो, लिहावी लागतात."

"आन् त्यांनी मागाहून काय केलं तर? लिवलेलं परत पुसता येत न्हाई, पोरी."

तिच्या लेखी लिहिलं जाणं म्हणजे सापडणं. हजेरीपटावर लिहिलेला माणूस, पोलीस ठाण्यातल्या वहीत लिहिलेला माणूस. 1952 मध्ये जुना कायदा गेला तरी 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आलाच, आणि कुठे घरफोडी झाली की आधी आमच्या वस्तीत गाडी येण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही. आमची माणसं स्वतःची गोष्ट सांगत नाहीत याचं कारण मला त्या रात्री समजलं. शहरात राहायचं तर आपली गोष्ट गिळून राहायचं, अशी दोन पिढ्यांची शिस्त होती ती.

आणि समितीला नेमकी तीच गोष्ट हवी होती. अर्जासोबत एक प्रश्नावली असते. तुमची बोली कोणती? कुलदैवत कोणतं? कुळं कोणती, कोणत्या कुळात सोयरीक होते? मूल जन्मल्यावर काय करता, माणूस गेल्यावर काय करता? पारंपरिक व्यवसाय कोणता, त्याची अवजारं कोणती? सर्वोच्च न्यायालयाने 1994 मध्ये माधुरी पाटील प्रकरणात ही पद्धत घालून दिली. तिला अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणतात, म्हणजे तुमचा त्या जमातीशी आप्तभाव आहे का हे पाहणं.

मी प्रश्नावली घेऊन बसले आणि दुसऱ्या प्रश्नाला थांबले. मला काहीच येत नव्हतं. बोली कळायची, बोलता यायची नाही. सोलापूर हे किती भाषांचं गाव! माझ्या वर्गातल्या पद्मशाली मुली डबा खाताना आपसात तेलुगू बोलायच्या, लिंगायत मैत्रिणीची आई कन्नडमध्ये हाक मारायची, मोहल्ल्यातल्या मुली उर्दूत भांडायच्या. इथे घरात वेगळी भाषा असणं कुणाला विशेष वाटत नाही. पण आमची भाषा उंबऱ्याच्या बाहेर यायची नाही. घरात पारधीत बोलणारी आज्जी दारात कुणी आलं की वाक्याच्या मध्येच मराठीत वळायची. एकदाच मी तिला बाहेर तिच्या भाषेत बोलताना ऐकलं होतं. नवी पेठेत एक गुजराती दुकानदार फोनवर बोलत होता, तर आज्जी हसली आणि त्याच्या बोलण्याला उत्तरासारखं काहीतरी म्हणाली. आमच्या बोलीत गुजरातीची झाक आहे. तो चकित झाला, "मावशी, तुम्ही कुठल्या?" म्हणाला. आज्जीने पिशवी उचलली आणि चालायला लागली.

तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की मी तिच्यापाशी बसायचे, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून. मागच्या गल्लीत लूम चालतात, त्यांचा खटखट आवाज सगळ्या रेकॉर्डिंगांत आहे. पहिले चार दिवस ती फक्त "काय सांगू, काय न्हाई तसलं" म्हणत राहिली. पाचव्या दिवशी मी प्रश्न विचारणं सोडलं आणि तिचे पाय चेपत बसले. तेव्हा ती आपणहून माळावर गेली.

माळ म्हणजे सोलापूरजवळच्या नान्नजकडचा. तार तुटल्यावर आबा काही वर्षं गिरणीत टिकले, पण अधूनमधून माळावर पळायचे. त्यांच्याकडे फाशांची माळ होती. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे बारीक फास, एकेक फास कामटीच्या खुंटीला बांधलेला, अशा पंचवीस-तीस खुंट्या एका दोरीत. गवतात त्या ओळीने रोवायच्या, मग लांब जाऊन बसायचं आणि तितराची हाक घालायची. नर तितराला वाटतं आपल्या रानात दुसरा कोण आला, आणि तो तरातरा चालत येतो. उडत नाही, चालत येतो, आणि फास गळ्यात पडतो. "तुझा आबा बोलला की तितर बोलायचा," आज्जी म्हणाली, आणि अंधारात, गादीवर बसल्या बसल्या तिने ती हाक घातली. घशातून नव्हे, टाळूला जीभ लावून कुठूनतरी. आमच्या दोन खोल्यांच्या घरात, लुमांच्या खटखटीत, तितर! अण्णा बाहेरच्या खोलीतून धावत आले. त्यांनीही ती हाक लहानपणानंतर ऐकली नव्हती.

1972 मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि 1979 मध्ये तो माळ माळढोक अभयारण्यात गेला. ते झालं ते योग्यच झालं असं मी मानते, माळढोक आता बोटांवर मोजण्याइतकेसुद्धा दिसत नाहीत. पण आबांना कायदा म्हणजे काय हे कुणी येऊन सांगितलं नव्हतं. त्यांनी फासे चुलीत घातले. प्रश्नावलीतल्या 'पारंपरिक अवजारे' या रकान्यापुढे मला जे लिहायचं होतं, ते चाळीसेक वर्षांपूर्वी जळून गेलं होतं.

काही प्रश्नांना आज्जी टाळत होती. जातपंचायत कशी बसते, दोषी कसा ठरवतात. शेवटी तिने सांगितलं ते उकळत्या तेलातून नाणं काढायच्या दिव्याबद्दल. तिच्या बहिणीला ते करावं लागलं होतं. हाताच्या त्या खुणा मी लहानपणी पाहिल्या होत्या आणि मला चुलीचा चटका सांगितला गेला होता. मी हे प्रश्नावलीत लिहिलं, कारण ते खरं आहे. पण परंपरा म्हणून त्याचं कौतुक करायला मी कधीच तयार होणार नाही. आता 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, आणि आमच्यातल्याच बायका त्याचं नाव घ्यायला लागल्या आहेत हे मला फार मोलाचं वाटतं. आपली गोष्ट सांगायची म्हणजे तिच्यातलं हेही सांगायचं.

गृहचौकशीच्या दिवशी सकाळपासून आई दाराकडे बघत होती. अकराच्या सुमाराला दोघं आले, एक संशोधन अधिकारी मॅडम आणि एक पोलीस अधिकारी. साहेब साध्या कपड्यांत होते, पण आज्जीला बूट ओळखू आले. ती उठली. मागच्या दारापर्यंत गेली. आत्याने तिथे खुर्ची टाकून ठेवली होती, मुद्दाम, वाट अडवायला नव्हे तर ती जाणारच असेल तर निदान दारात तरी बसावी म्हणून. आज्जी त्या खुर्चीवर बसली, पाठ भिंतीला लावून.

मॅडमनी अण्णांना विचारलं, मला विचारलं, लिहून घेतलं. अण्णांच्या शाळेच्या नोंदीवर बराच वेळ गेला. मग देवाचं आलं.

"तुमची देवी कुठंय?"

देव्हाऱ्यात फोटो होता, कॅलेंडरवरचा, कुणाच्याही घरात असतो तसा. मॅडमनी तो पाहिला आणि पेन थांबवलं. अण्णा काही बोलायच्या आत आज्जी उठली. आतल्या खोलीत गेली आणि तिची वाकळ घेऊन आली. ही वाकळ आम्ही सगळ्यांनी पाहिलेली. ट्रंकेच्या तळाशी असते, कधी अंगावर घेत नाहीत, कधी धुवायला काढत नाहीत. आज्जीने ती जमिनीवर पसरली. जुन्या लुगड्यांचे तुकडे, हिरवट, मातकट, बारीक सुबक टाके. फक्त एका कोपऱ्यात टाके वेगळे. मोठे, वेडेवाकडे, लाल दोऱ्याचे, जाड हाताने घातलेले.

"हितं हाय," आज्जी म्हणाली.

तिने बोट त्या कोपऱ्याकडे केलं, पण कापडापासून वीतभर वरच थांबवलं.

आणि मग ती बोलली. साहेबांकडे नाही, मॅडमकडे बघत. तारेच्या आत झडती व्हायची, बोचकी उलटी करायचे. देवीचा चांदीचा टाक दिसला तर विचारणार, चांदी कुठून आणली? म्हणून आबांच्या वडिलांनी तो या वाकळेच्या कोपऱ्यात शिवला. सासूने नव्हे, सासऱ्याने. आमच्या घरात देवीला बाईने हात लावायचा नाही. ज्याने जन्मात सुई धरली नव्हती त्याने रात्री अंधारात शिवलं, म्हणून टाके असे. झडतीच्या वेळी त्यावर तान्हं मूल निजवायचे. तार तुटल्यावर टाक बाहेर काढायचा असं ठरलं होतं, पण काढला कुणीच नाही. "आबा म्हणायचं, अजून थोडं बघू."

खोलीत कुणी बोललं नाही. मॅडम वाकल्या, त्यांनी हात पुढे केला. आज्जीचा हात झटकन मध्ये आला. "न्हाई, न्हाई, बाई. तुमीबी बाईच." साहेब मागे सरकून बसले. मॅडमनी हात मागे घेतला आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. काय लिहिलं ते मला नंतर अहवालाच्या प्रतीत वाचायला मिळालं: वृद्ध महिलेने बोट लावले नाही व इतर स्त्रीसही लावू दिले नाही.

बाईने देवीला शिवू नये हा नियम मला पटत नाही, मी आज्जीशी त्यावरून भांडलेही आहे. पण त्या दिवशी तिच्या त्या वीतभर वर थांबलेल्या बोटाने जे सांगितलं, ते माझ्या वीस पानी उत्तरांत कुठेही आलं नव्हतं.

पुढचं लवकर सांगते. सुनावणी पुण्याला होती. पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने अण्णा आणि मी गेलो, आईने शेंगाचटणी आणि भाकरी बांधून दिली होती. सुनावणीत मुख्य प्रश्न एकच, वडिलांच्या नोंदीचा. अण्णा उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या वडिलांनी खोटं सांगितलं नाही, साहेब. ते घाबरून गप्प राहिले. मी सांगतो आता, आम्ही पारधी आहोत." पन्नाशीकडे झुकलेला माणूस, आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी लोकांपुढे हे वाक्य बोलत होता. 1943 ची नोंद सगळ्यात जुनी, घटनेच्या आधीची, म्हणून तिला वजन मिळालं. काही आठवड्यांनी वैधता प्रमाणपत्र आलं. तोवर माझं एक वर्ष गेलं होतं. पुढच्या वर्षी नर्सिंगला प्रवेश घेतला.

ज्यांच्या मुलांना बोली येत नाही, रीतिरिवाज माहीत नाहीत, त्यांच्यासाठी एक महत्त्वाचं. 24 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की अ‍ॅफिनिटी टेस्ट म्हणजे लिटमस कसोटी नव्हे, एकटी तीच निर्णय ठरवू शकत नाही. शहरात आल्यावर, शिकल्यावर माणसाच्या चालीरीती बदलतात, हे न्यायालयाने त्याआधी 2011 मध्येही म्हटलं होतं. तेव्हा मुलगी जीन्स घालते, मराठी बोलते म्हणून ती पारधी नाही असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. कॉलेजात मलाही एकीने म्हटलं होतं, "तू आदिवासी वाटत नाहीस." मी विचारलं, "कशी वाटायला हवी?" तिला सांगता आलं नाही. तिच्या मनात जंगल असणार. माझ्या घरच्यांनी माळ पाहिला, तार पाहिली, गिरणी पाहिली आणि मग हे शहर.

माझं प्रमाणपत्र निघाल्यापासून काकांच्या दोन्ही मुलांचं काम सोपं झालं. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात वैधता असेल तर ती मोठा आधार धरली जाते. पण दोघांनाही मी सांगितलं की फाइल करायच्या आधी आज्जीपाशी बसा. रेकॉर्डिंग आता बरीच झाली आहेत. तेराव्या रेकॉर्डिंगमध्ये लूमच्या आवाजात आज्जीचं एक अख्खं गाणं बुडालं आहे. तिला पुन्हा म्हणायला सांगितलं तर ती वेगळंच म्हणते आणि हेच ते गाणं असं ठामपणे सांगते.

या जूनमध्ये भावाच्या मुलीला पहिलीत घातलं. मी सुट्टी काढून बरोबर गेले होते. जातीच्या रकान्याला काही अडचण आली नाही. त्याखाली 'मातृभाषा' असा रकाना होता. आमच्या घरात आजवर प्रत्येक फॉर्ममध्ये तिथे मराठी लिहिलं गेलं, माझ्याही. भावाने पेन टेकवलं आणि थांबला, माझ्याकडे बघितलं. मग त्याने लिहिलं: पारधी.

टेबलामागच्या बाईंनी फॉर्म वाचला. "पारधी ही भाषा असते होय?"

"असते," भाऊ म्हणाला.

बाईंनी मान हलवली आणि रजिस्टर पुढे ओढून त्यात ती उतरवून घेतली.